तंबाखूच्या वाटेवरची उठलेली गावं

लेकीकडे अमेरिकेला गेलेल्या आईबाबांचा अभ्यासक्रम ठरलेला असतो: नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, देऊळ, कॉस्टको. आमचा तो मागच्या खेपेला पुरा झाला होता. यंदा सप्टेंबरात गेलो तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता तुला काय बघायचंय ते तू सांग." मी म्हटलं, तंबाखू.

माझं माहेर निपाणीजवळचं. घरात कुणी खाणारं-ओढणारं नव्हतं, पण शेतात तंबाखू, अंगणात तंबाखू आणि आजोबांच्या तोंडी बाराही महिने तंबाखूचा भाव. व्हर्जिनिया हे मी भूगोलाच्या पुस्तकाआधी तंबाखूच्या जातीचं नाव म्हणून ऐकलं होतं. आणि लेकीचं घर नेमकं व्हर्जिनियात! मग ज्या पानावर इंग्रजांची अमेरिकेतली पहिली वसाहत तगली, त्याचा मुलूख बघितल्याशिवाय परतायचं कसं?

नकाशा आधी डोळ्यांसमोर आणा. अटलांटिकला लागून चेसापीक नावाचं लांबलचक आखात आहे. त्याला पश्चिमेकडून पोटोमॅक, रॅपहॅनॉक, यॉर्क आणि जेम्स अशा चार नद्या पंजा पसरल्यासारख्या येऊन मिळतात. पोटोमॅकच्या उत्तरेला मेरीलँड, दक्षिणेला व्हर्जिनिया. आम्ही मेरीलँडमधून खाली उतरलो, एकेक नदी ओलांडत जेम्सपर्यंत गेलो आणि रिचमंडवरून परतलो. गाडी लेकीने चालवली, तिच्या बाबांनी नकाशा धरला आणि वाटेत कुठे थांबायचं ते मी ठरवलं.

गुरुवार : पोर्ट टोबॅको

वॉशिंग्टनची वर्दळ मागे पडली की 301 नंबरचा रस्ता दक्षिण मेरीलँडमध्ये शिरतो. ला प्लाटा गावाजवळ आत वळलं की पोर्ट टोबॅको. वसाहतीच्या काळात मेरीलँडमधलं हे मोठं बंदर. लंडनची जहाजं इथपर्यंत वर यायची. आज तिथे एक हिरवळ, जुन्या बेतावर पुन्हा उभारलेलं विटांचं कोर्ट आणि बोटांवर मोजण्याइतकी घरं आहेत. बंदर शोधायला म्हणून गाडीतून उतरलो तर समोर लव्हाळ्याची दलदल. "पाणी कुठाय?" हे विचारत होते. पाणी पार खाली सरकलंय.

त्याचं कारणही तंबाखूच. जंगल तोडायचं, झाडांच्या साली सोलून ती जागच्या जागी वाळवायची आणि मधल्या मातीत कुदळीने ढिगुळ्या करून रोपं लावायची, अशी ती शेती. तंबाखू जमिनीचा कस ओढून घेतो. तीन-चार पिकं काढली की ते रान सोडून द्यायचं, वीसेक वर्षं पडीक ठेवायचं आणि पुढचं जंगल तोडायचं. उघडी पडलेली माती पावसाने नदीत गेली, नदी गाळाने भरली, जहाजं यायची थांबली. 1892 मध्ये कोर्ट जळालं आणि काही वर्षांत जिल्ह्याचा कारभार ला प्लाटाला, रेल्वेजवळ गेला. त्यानंतर गाव उठलंच.

(कोर्टातलं छोटं संग्रहालय रोज उघडं नसतं. वार आणि वेळ आधी बघून जा. आम्हाला बाहेरूनच समाधान मानावं लागलं.)

दुपारी शार्लट हॉलच्या बाजूला रस्त्याकडेच्या भाजीच्या टपरीवर टोमॅटो घ्यायला थांबलो. मागे उंच लाकडी कोठार होतं. पांढुरकं पडलेलं लाकूड, आणि भिंतीच्या उभ्या फळ्या एकाआड एक बिजागरीवर उघडणाऱ्या. मी त्याकडे बघतेय हे पाहून टपरीवाले आजोबा म्हणाले, "तंबाखूचं आहे. आता ट्रॅक्टर ठेवतो." मी लेकीला म्हटलं, सांग यांना, माझ्या वडिलांच्या शेतातही होता. ती भाषांतर करायच्या आतच मी हाताने शेंडा खुडून दाखवला. आजोबांचा चेहरा असा काही खुलला! त्यांनी लगेच देठाच्या बगलेतला फुटवा काढून दाखवला. मग पाचेक मिनिटं आम्ही दोघं हवेतल्या झाडावर काम करत होतो आणि आमची मंडळी टोमॅटो धरून उभी.

त्यांनी सांगितलं ते असं. सिगारेट कंपन्यांनी 1998 च्या तडजोडीत राज्यांना जो पैसा दिला, त्यातून मेरीलँडने आपल्या तंबाखूवाल्या शेतकऱ्यांना पीक सोडायचा मोबदला देऊ केला. आधीच्या सरासरी उत्पादनावर पौंडाला एक डॉलर, दहा वर्षं. अट अशी की तंबाखू पुन्हा लावायचा नाही, पण शेती मात्र चालू ठेवायची. बहुतेकांनी सही केली, यांनीही केली. "वडील असते तर केली नसती," एवढंच म्हणाले आणि टोमॅटोत दोन जास्तीचे टाकले. शेजारचे आमिश, म्हणजे जुन्या चालीने राहणारे एका ख्रिस्ती पंथाचे लोक, मात्र अजून थोडाफार लावतात. सरकारचा पैसा घेणं त्यांच्या धर्मात बसत नाही, त्यामुळे सहीचा प्रश्नच आला नाही. पुढे मैलभरावर घोड्याच्या गाडीत एक आमिश कुटुंब दिसलं, पण त्यांचे फोटो काढू नयेत, त्यांना आवडत नाही.

संध्याकाळी पॅटक्सेंट नदीच्या मुखाशी क्रॅब केक खाल्ले. ओल्ड बे नावाचा मसाला इथे मिठासारखा सगळ्यावर पडतो. चव बरी आहे, पण तिखट म्हणून सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका.

शुक्रवार : सेंट मेरीज सिटी

1634 मध्ये 'आर्क' आणि 'डव्ह' या दोन जहाजांतून आलेल्या लोकांनी मेरीलँड वसवलं ते इथे. साठ वर्षं ही राजधानी होती. राजधानी अॅनापोलिसला हलली आणि हे गाव इतकं साफ पुसलं गेलं की त्यावर शेतं नांगरली गेली. आता उत्खनन करून जिथे जिथे घरांचा पाया सापडला तिथे नुसते लाकडी सांगाडे उभे केलेत. भिंती नाहीत, छप्पर नाही, फक्त घराची रेघ. खानावळ होती ती ही, वकिलाचं घर ते. अशा सांगाड्यांतून चालताना लक्षात येतं की भर राजधानीतही घरं किती कमी आणि किती दूरदूर होती.

इथला खरा ऐवज म्हणजे त्या काळच्या पद्धतीने चालवलेलं तंबाखूचं शेत. फळकुटांचं घर, मोकाट डुकरं, मका आणि एका बाजूला तंबाखू. आम्ही गेलो तेव्हा निम्मा कापून झाला होता. जुन्या वेषातला एक तरुण काम दाखवत होता. कापलेल्या झाडाच्या बुंध्याला तो चीर देई आणि अख्खं झाड काठीवर अडकवी. अशा भरलेल्या काठ्या कोठारात आडव्या वाशांवर, खालून आढ्यापर्यंत. पाच-सहा आठवडे वाऱ्यावर वाळवण. आमच्याकडे उन्हात जमिनीवर वाळवतात, इथल्या दमट हवेत ते जमायचं नाही. कोठाराच्या फळ्या का उघडतात ते इथे कळलं.

मी विचारून एका पानाला हात लावला. बोटांना तोच चीक, तोच कडवट वास. दोनदा साबण लावूनही काळा डाग जाईना तेव्हा हे म्हणाले, "झालं, माहेर भेटलं." पानाच्या मागे बोटाएवढी हिरवी, ढुंगणावर शिंग असलेली अळी होती. ती हाताने वेचून पायाखाली चिरडायची, दुसरा उपाय नाही. त्या काळी एका गड्याकडे दोन-तीन एकर आणि दहाएक हजार झाडं असत. प्रत्येक झाडाचा शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे आणि रोज अळ्या वेचायच्या.

हे गडी कोण? पहिली पन्नास वर्षं तरी बहुतेक इंग्लंडमधली गरीब पोरं. जहाजाचं भाडं नाही म्हणून चार ते सात वर्षांचा करार लिहून द्यायचा, आणि तो करार मालक पुढे विकूही शकायचा. मुदत संपेपर्यंत जगला तर अंगावरचे कपडे, मका आणि अवजारं. 'जगला तर' हे महत्त्वाचं, कारण हिवतापाने आणि हगवणीने कितीतरी पहिल्याच उन्हाळ्यात गेले. 1634 च्या त्या जहाजातून मथायस द सूझा नावाचा आफ्रिकी वंशाचा माणूसही करारावरच आला, मोकळा झाला आणि 1642 मध्ये इथल्या कायदे करणाऱ्या सभेत बसला. त्याच्या नावाचा फलक नदीकाठी आहे. पुढच्या पिढीला तो दरवाजा बंद झाला.

कोठाराबाहेर एक मोठं लाकडी पिंप आडवं पडलं होतं. वाळलेला माल त्यात तरफेने दाबून दाबून भरायचा. जहाजाचं भाडं पिंपामागे, वजनामागे नाही, मग ठासून भरणारच की! अठराव्या शतकात असं एक पिंप सुमारे 1000 पौंडांचं, म्हणजे साडेचार क्विंटलचं झालं होतं. त्याला आस बसवून बैल किंवा घोडे जुंपायचे आणि ते लोळवत धक्क्यावर न्यायचं. मेरीलँडमध्ये अजून 'रोलिंग रोड' नावाचे रस्ते आहेत, ते या पिंपांचे.

आणि धक्का तरी किती लांब? इथे प्रत्येक ओढ्यात भरतीचं पाणी शिरतं. ज्याच्या जमिनीला नदीकाठ, त्याच्या दारात लंडनचं जहाज. तंबाखू तिथेच चढायचा; कापड, खिळे, साखर, खुर्च्या तिथेच उतरायच्या. मग बाजारपेठ हवी कुणाला? मेरीलँडच्या मालकाने, लॉर्ड बाल्टिमोरने, हुकूम काढले, व्हर्जिनियाच्या सभेने 1680, 1691 आणि 1705 मध्ये कायदे केले की अमुक ठिकाणी गाव वसवा, माल तिथूनच पाठवा. बहुतेक गावं कागदावरच राहिली. या मुलखाची पेठ लंडनला होती आणि नंतर ग्लासगोला. आमच्या निपाणीला तंबाखूने वखारी दिल्या, अडते दिले, पेठ दिली. इथे त्याने गावच उभं राहू दिलं नाही. पुढचे सगळे दिवस माझ्या डोक्यात हेच घोळत होतं.

जेवायला या जिल्ह्याचा खास पदार्थ मिळाला, स्टफ्ड हॅम. खारवलेल्या डुकराच्या मांडीला खोल चिरा पाडून त्यात केल नावाची पालेभाजी, कोबी, मोहरी आणि लाल मिरची ठासून भरतात, फडक्यात बांधून उकडतात आणि गार करून कापतात. मोहरीचा झणका आणि मिरची, दोन्ही खरोखर लागत होतं. सगळ्या प्रवासात मी मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्लेली ही एकच गोष्ट.

शनिवार : पाऊस, पाऊस आणि कॉर्नवॉलिस

कुठल्याशा वादळाचं शेपूट आलं होतं. पोटोमॅकवरचा पूल ओलांडताना पलीकडचा काठ दिसेना. जॉर्ज वॉशिंग्टनचं जन्मस्थान वाटेत होतं, ते गाडीच्या काचेतून झालं. त्याच्याबद्दल एकच सांगते, हा थोर पुरुषही आधी तंबाखूवालाच. लंडनचा दलाल भाव पाडून देतो आणि खुर्च्या-कापड महाग लावतो या तक्रारी करकरून कंटाळला आणि 1760 च्या दशकात तंबाखू सोडून गव्हाकडे वळला. दलालाबद्दलच्या तक्रारी आमच्या घरी ऐकलेल्याच होत्या.

आयर्व्हिंग्टनजवळ क्राइस्ट चर्चमध्ये तासभर आसरा घेतला. रॉबर्ट कार्टर नावाच्या बड्या असामीने बांधायला घेतलेलं, 1735 मध्ये पुरं झालेलं. त्याला लोक 'किंग' कार्टर म्हणत. 1732 मध्ये मेला तेव्हा सुमारे तीन लाख एकर जमीन आणि शेकडो गुलाम मागे ठेवून गेला. आत बाकांना छातीएवढ्या उंच लाकडी भिंती आहेत, बसलं की शेजारचा दिसत नाही. व्हर्जिनियात 1624 चा कायदा होता: रविवारी चर्चला दांडी मारली तर एक पौंड तंबाखू दंड, महिनाभर फिरकला नाही तर पन्नास पौंड. नाणी नव्हतीच ना! दंड, कर, खानावळीचं बिल, सगळं तंबाखूत.

तिथून दक्षिणेला ग्लॉस्टर जिल्हा लागतो. 1682 मध्ये भाव इतका पडला होता की शेतकऱ्यांनी सभेकडे वर्षभर लावणी बंद करायची मागणी केली. ती मान्य होईना तेव्हा इथल्या लोकांनी रात्री टोळ्या करून शेतातली रोपं कापून काढली. आधी स्वतःची, मग शेजाऱ्यांची. हे वाचताना मला 1981 आठवलं. शरद जोशींच्या मागे निपाणीचे तंबाखूवाले पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते आणि शेवटी गोळीबार झाला. माझ्या माहेरची माणसं त्या रस्त्यावर होती. तीनशे वर्षांचं अंतर, पण भावाचं गाऱ्हाणं तेच. एकट्याने कमी लावून भाव वाढत नाही, आणि भाव पडला की घर चालवायला जो तो आणखी लावतो.

संध्याकाळी पाऊस उघडला आणि यॉर्क नदीवरचा पूल ओलांडून यॉर्कटाउनला उतरलो. 1691 च्या कायद्याने झालेल्या गावांपैकी हे एक खरोखर वसलं. उंच काठ, खाली धक्का, वर व्यापाऱ्यांची विटांची घरं. तंबाखू गेला तसं तेही ओसरलं, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाईने त्याला नाव दिलं. 19 ऑक्टोबर 1781 ला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने इथे हत्यारं खाली ठेवली. हा गृहस्थ इथे हरून घरी बसला नाही. 1786 मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1792 मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला गेला तेव्हा आपले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने होते. हे ऐकून लेक म्हणाली, "म्हणजे इथला नापास आपल्याकडे पास?"

रविवार : जेम्सटाउन

आधी एक सूचना, कारण इथे सगळे गोंधळतात. जेम्सटाउन दोन आहेत. 'जेम्सटाउन सेटलमेंट' हे राज्य सरकारचं संग्रहालय, तिथे 1607 च्या तीन जहाजांच्या प्रतिकृती आहेत, मुलं बरोबर असतील तर आधी तिथे जा. 'हिस्टॉरिक जेम्सटाउन' म्हणजे मूळ जागा, बेटावर. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असला तरी तिथे तिकिटाचा एक भाग वेगळा भरावा लागतो. डासांचं औषध न्याच. विल्यम्सबर्ग, जेम्सटाउन आणि यॉर्कटाउन जोडणारा पार्कवे सुंदर आहे, पण त्यावर पेट्रोल पंप नाही.

इथे 1607 च्या मे महिन्यात 104 माणसं उतरली ती सोनं शोधायला. सोनं नव्हतं. 1609-10 च्या हिवाळ्यात उपासमार अशी झाली की घोडे, कुत्रे, उंदीर संपले आणि माणसांनी मेलेली माणसं खाल्ली. संग्रहालयात एका चौदा वर्षांच्या मुलीची कवटी ठेवली आहे, तिच्यावर सुरीच्या खुणा आहेत. मी फार वेळ थांबले नाही. वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचे भागीदार लंडनमध्ये नफ्याची वाट बघत होते आणि पाठवायला धड काही नव्हतं.

1610 मध्ये जॉन रॉल्फ आला. इथल्या पोहॅटन लोकांचा तंबाखू वेगळ्या जातीचा, कडक. त्यांच्याकडे तो विधींत आणि तहाच्या बैठकीत ओढला जाई. लंडनच्या शौकिनांना स्पॅनिश वसाहतींतला गोडसर लागायचा. रॉल्फने त्या जातीचं बी मिळवलं आणि 1612 च्या सुमाराला लावलं. 1614 मध्ये त्याने पोहॅटन प्रमुखाची मुलगी पोकाहॉन्टसशी लग्न केलं. ज्या चर्चमध्ये केलं त्याच्या खांबांच्या खुणा 2010 मध्ये उत्खननात सापडल्या. मातीत आखलेल्या त्या चौकोनात उभं राहता येतं.

1617 मध्ये 20,000 पौंड तंबाखू इंग्लंडला गेला. त्याच वर्षी नवा अधिकारी आला तर त्याला बाजाराची जागा, रस्ते, मोकळी कोपरी, सगळीकडे तंबाखू लावलेला आणि घरं पडकी दिसली. आधीच्याने नियम केला होता की आधी दोन एकर मका लावा, मगच तंबाखू. उपासमार सोसून दहा वर्षंही झाली नव्हती, तरी लोकांना पोटासाठी मका लावायची सक्ती करावी लागत होती! पौंडाला तीन शिलिंगपर्यंत भाव मिळत असेल तर कोण ऐकतंय? 1630 च्या सुमाराला तो पेनीच्या आसपास आला. तोवर सगळे त्यात मानेपर्यंत बुडाले होते.

इंग्लंडच्या जेम्स राजाला तंबाखूचा तिटकारा. 1604 मध्ये त्याने स्वतः त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. पुढे जकात मिळू लागली तेव्हा राजाचा राग कागदावर राहिला. आपल्याकडेही काळ तोच: विजापूरहून असद बेगने अकबराच्या दरबारी तंबाखू नेला तो याच सुमाराला, आणि जहांगीराने बंदी घातली ती 1617 मध्येच. त्या बंदीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते चिलमींनी. रॉबर्ट कॉटन नावाचा चिलमी घडवणारा कारागीर 1608 मध्ये आला होता. त्याने इथल्या तांबूस मातीच्या आखूड, आठ कोनांच्या दांड्याच्या चिलमी केल्या. किल्ल्यातल्या विहिरीत सापडलेल्या काही दांड्यांवर लंडनच्या बड्या लोकांची नावं उमटवलेली आहेत. बहुधा भेट म्हणून पाठवायच्या होत्या. अक्षरं कच्च्या मातीत एकेक करून ठोकलेली, ओळ थोडी वाकडी. लोक उपाशी मरत होते त्या आगेमागेच हा माणूस बसून कुणा सरदाराचं नाव ठोकत होता.

1621 मध्ये कंपनीने इंग्लंडहून लग्नाळू मुली पाठवल्या. जो लग्न करील त्याने भाड्याचा खर्च म्हणून 120 पौंड उत्तम पान द्यायचं, नंतर ते 150 झालं. तिथली मार्गदर्शक बाई हे सांगताना थांबून म्हणाली, "उत्तम पान, बरं का. खालच्या प्रतीचं चालणार नाही." सगळे हसले. मग ती आम्हाला खोदकामाच्या एका चौकोनाजवळ घेऊन गेली. कॅप्टन विल्यम पियर्सच्या घराची जागा. 1625 च्या शिरगणतीत त्या घरात अँजेला नावाची एक आफ्रिकी बाई नोंदली आहे. नाव आणि ती आली त्या जहाजाचं नाव, एवढीच नोंद. तिथे कुणी हसलं नाही.

1676 मध्ये नॅथॅनियल बेकन नावाच्या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात जेम्सटाउन जाळलं, 1699 मध्ये राजधानी विल्यम्सबर्गला गेली आणि हेही गाव शेतात गेलं. आता बेटावर पाणी चढतंय. आदल्या दिवशीच्या पावसाने पायवाटेचा एक भाग बुडाला होता.

सोमवार : पॉइंट कम्फर्ट आणि विल्यम्सबर्ग

सकाळी हॅम्प्टनच्या टोकाला, पॉइंट कम्फर्टवरच्या फोर्ट मन्रो किल्ल्याला गेलो. ऑगस्ट 1619 च्या शेवटी 'व्हाइट लायन' जहाजाने इथे वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली. अंगोलाहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली, शिधा घेऊन विकलेली. ही नोंद ज्याच्या पत्रामुळे आपल्याला कळते तो माणूस जॉन रॉल्फ, आपला बियाणेवाला.

गुलामांवर लगेच सगळी शेती गेली असं झालं नाही. 1680 नंतर इंग्लंडमधून येणारे करारी गडी आटले, तसं मळेवाल्यांनी गुलाम घेणं वाढवलं. कायदे त्याआधीच तयार व्हायला लागले होते. 1662 चा कायदा म्हणतो, मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे बाप गोरा मालक असला तरी मूल गुलामच, आणि मालकाला फुकटचा गडी. 1750 च्या सुमाराला व्हर्जिनियातली सुमारे 40 टक्के माणसं आफ्रिकी वंशाची होती. आधी ज्या शेतात कराराची मुदत संपायची, तिथे आता मुदतच नव्हती. याच फोर्ट मन्रोत मे 1861 मध्ये, उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलेलं असताना, तीन गुलाम पळून आले, उत्तरेच्या सेनापतीने त्यांना परत द्यायला नकार दिला, आणि मग हजारोंनी इकडची वाट धरली. वारा जोरात होता, समुद्राकडे तोंड करून मासे धरणारे दोघं-तिघं होते. आम्ही तटावरून एक फेरी मारली.

दुपारचं विल्यम्सबर्ग चकचकीत आहे. रॉकफेलरच्या पैशाने 1926 पासून पुन्हा उभं केलेलं. रस्त्यावरून फुकट फिरता येतं, घरांत जायला तिकीट. भुईमुगाचं सूप इथली खासियत म्हणतात. मला ते आमटीत साखर पडल्यासारखं लागलं, हे मात्र दोन वाट्या प्यायले.

इथेच 1730 मध्ये गव्हर्नर गूचने तपासणीचा कायदा आणला. शेतकरी पिंपात वर चांगली पानं आणि आत कचरा, देठ भरत. आता प्रत्येक पिंप सरकारी वखारीत फोडायचं, खराब माल तिथेच जाळायचा, चांगल्याची चिठ्ठी शेतकऱ्याला द्यायची. ती चिठ्ठीच पैसा म्हणून फिरू लागली. चिडलेल्या लोकांनी काही वखारी पेटवल्या, पण कायदा टिकला. मेरीलँडने 1747 मध्ये तसाच केला. या वखारींभोवतीच शेवटी बारकी बारकी गावं जमली. स्कॉटिश दुकानदार आले, उधारीवर माल देऊ लागले. स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर या आखातातून वर्षाला दहा कोटी पौंडांवर तंबाखू जात होता, आणि मळेवाले लंडन-ग्लासगोच्या कर्जात होते.

मंगळवार : फेरी, रिचमंड, हॅनोव्हर

जेम्स नदी ओलांडायला जेम्सटाउनची फेरी घ्या. गाडीसकट फुकट, रात्रंदिवस चालते आणि पाण्यावरून बेट दिसतं तसं इतर कुठून दिसत नाही. समुद्रपक्षी गाडीच्या टपावर बसून पलीकडे येतात. पलीकडे सरी काउंटीत तंबाखूच्या जागी भुईमूग. खारवलेल्या हॅमचे पातळ काप घातलेली बिस्किटं तिथे घेतली. बिस्किट म्हणजे आपलं नव्हे, मऊ खारी पाव समजा. खारटपणा प्रचंड, बरोबर पाणी ठेवा.

रिचमंडला जेम्सकाठी 'टोबॅको रो' म्हणतात ती विटांच्या कारखान्यांची रांग आहे. आता सगळे महागडे फ्लॅट आणि कॉफीची दुकानं. अर्धा तास पुरे.

त्यापेक्षा महामार्ग सोडून 301 ने हॅनोव्हर कोर्टहाउसला जा. कमानींचं, विटांचं, लहानसं कोर्ट, अठराव्या शतकातलं. व्हर्जिनियाच्या पाद्र्यांचा पगार 1696 पासून वर्षाला 16,000 पौंड तंबाखू असा ठरला होता. 1758 मध्ये अवर्षणाने पीक बुडालं, भाव तिपटीच्या आसपास गेला. आता पाद्र्यांची चैन होणार म्हणून सभेने कायदा केला: तंबाखूऐवजी पौंडामागे दोन पेनी रोख द्या. पाद्री लंडनला गेले, राजाने कायदा रद्द केला. मग जेम्स मॉरी नावाच्या पाद्र्याने बुडालेल्या पगारासाठी इथे दावा लावला आणि जिंकलाही. नुकसान किती तेवढं ठरायचं होतं. 1 डिसेंबर 1763 ला समोरच्या बाजूने सत्तावीस वर्षांचा वकील पॅट्रिक हेन्री उभा राहिला. प्रजेच्या भल्याचा कायदा मोडणारा राजा हा राजा राहत नाही, असं भर कोर्टात बोलला. न्यायाधीशाच्या खुर्चीत त्याचा बापच होता. लोक 'राजद्रोह' म्हणून कुजबुजले. ज्यूरी बाहेर जाऊन पाच मिनिटांत परत आली आणि मॉरीला भरपाई दिली ती एक पेनी.

कोर्टासमोर जुनी खानावळ आहे आणि तिच्या मागे गाडी लावायला भरपूर जागा. दुपारी चारच्या आत वॉशिंग्टनची वाट धरा, नाहीतर 95 नंबरच्या रस्त्यावर तासन्तास अडकाल. आम्ही पाचला निघालो आणि रात्री साडेनऊला घरी पोचून मुगाची खिचडी टाकली.